‘बरं आहे’ हे उत्तर नको: सांधे मोजणाऱ्या सिस्टरकडे जाण्याआधी

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार. मी ३४ वर्षांची आहे, भांडुपला राहते आणि फोर्टमध्ये एका कार्यालयात अकाउंट्सचं काम करते. सहा वर्षांची मुलगी आहे. फेब्रुवारीपासून दोन्ही हातांची बोटं सुजायला लागली. तपासण्यांनंतर ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात, असं निदान झालं. नऊ आठवड्यांपासून दर रविवारी रात्री मेथोट्रेक्सेट १५ मिलिग्रॅम घेते. मंगळवारी फोलिक अ‍ॅसिड, रोज हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन २०० आणि प्रेडनिसोलोन ५ मिलिग्रॅम असतं. तीन आठवड्यांनी, मंगळवारी साडेदहाला, डॉक्टरांऐवजी त्यांच्याकडच्या स्पेशालिस्ट नर्सची अर्ध्या तासाची वेळ मिळाली आहे. ‘सिस्टर सांधे मोजतील, औषधांचं बघतील’ एवढंच सांगितलंय. नर्सकडे जाऊन नेमकं काय होणार? सोबत काय न्यायचं? मागच्या वेळी डॉक्टरांसमोर बसले आणि विचारायचं ते सगळं विसरले. शिवाय दोन रविवार गोळी चुकली आहे, आणि सासूबाई गुळवेलाचा काढा आणि गावाहून आणलेल्या पुड्या देतात. हे सांगितलं तर ओरडा बसेल का? आणखी एक. आम्हाला दुसरं मूल हवं आहे. घरच्यांसमोर हे कसं विचारू?

— एक वाचक, भांडुप

उत्तर

नर्स म्हटलं की आपल्याकडे इंजेक्शन, बीपी आणि सलाईन एवढंच डोळ्यांसमोर येतं. तुम्हाला ज्या सिस्टर भेटणार आहेत त्यांचं काम वेगळं आहे. युरोपात सांधेविकारांच्या विभागात अशी खास प्रशिक्षित नर्स असणं ही आता नेहमीची गोष्ट आहे. तिथल्या सांधेविकारतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे यूलारने, या नर्सने काय काय करावं याच्या शिफारशी २०१२ साली काढल्या आणि २०१८ साली सुधारल्या. मुंबईत अशी सोय अजून मोजक्याच ठिकाणी दिसते, म्हणून ती मिळते आहे तर पुरेपूर वापरा. सिस्टर औषध बदलून देणार नाहीत, तो अधिकार डॉक्टरांचा. पण डॉक्टर ज्या आकड्यांवरून औषध बदलतात किंवा बदलत नाहीत, ते आकडे त्या अर्ध्या तासात कागदावर उतरतात.

तारीखही महत्त्वाची आहे. मेथोट्रेक्सेटचा गुण यायला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात, आणि त्या मंगळवारी तुमचे बारा आठवडे भरतील. या आजाराच्या उपचारात जगभर एक हिशोब पाळतात: तीन महिन्यांत ठळक फरक दिसला पाहिजे, सहा महिन्यांत ठरवलेलं लक्ष्य गाठलं पाहिजे, नाहीतर उपचार वाढवायचे किंवा बदलायचे. म्हणजे ही भेट तुमची पहिली तिमाही परीक्षाच समजा. फरक इतकाच की मार्क तुम्हाला नाहीत, औषधाला मिळणार आहेत. आणि इथेच बहुतेक रुग्ण, विशेषतः बायका, औषधाला फुकटचे मार्क देऊन येतात. ‘कसं वाटतंय?’ या प्रश्नावर तोंडातून आपसूक निघतं, ‘तसं बरं आहे.’

त्याची किंमत आकड्यांत पाहा. आजार किती पेटलेला आहे हे मोजायची एक पद्धत आहे, सीडीएआय. चार आकड्यांची साधी बेरीज: २८ सांध्यांपैकी दाबल्यावर दुखणारे किती, त्यांतले सुजलेले किती, तुमच्या मते आजार ० ते १० मध्ये किती, आणि तपासणाऱ्याच्या मते किती. बेरीज २.८ किंवा त्याहून कमी आली तर आजार शांत, १० पर्यंत सौम्य, २२ पर्यंत मध्यम आणि त्यापुढे तीव्र. समजा तुमचे सहा सांधे दुखतात, तीन सुजले आहेत, तुमचा आकडा ६ आणि सिस्टरचा ३. बेरीज १८, म्हणजे मध्यम. डॉक्टर डोस किंवा औषध वाढवण्याचा विचार करतील. आता त्याच दिवशी, त्याच हातांनी, तुम्ही संकोचाने एकच सांधा दुखतो म्हणालात आणि आकडा २ सांगितलात. १ अधिक ३ अधिक २ अधिक ३, झाले ९. सौम्य! ‘छान चाललंय, हेच चालू ठेवा,’ आणि पुढची तारीख तीन महिन्यांनी. मधल्या काळात सूज सांध्याच्या हाडाची कड कुरतडत राहते, आणि कुरतडलेलं हाड पूर्ववत होत नाही. सोसण्याचं कौतुक घरात होत असेल, या खोलीत ते नुकसानीचं आहे. उलट रडवेला चेहरा करून सगळ्याला १० म्हणणंही कामाचं नाही. मग सूज दोन सांध्यांत आणि तक्रार आभाळाएवढी असा आकडा येतो, आणि तो कसा वाचायचा हे डॉक्टरांनाही कळेनासं होतं.

आणखी एक पद्धत आहे, डास-२८. तीत रक्तातला ईएसआर किंवा सीआरपी (अंगातली सूज दाखवणाऱ्या चाचण्या) धरतात आणि गणित कॅल्क्युलेटरवर करावं लागतं. २.६ च्या खाली आजार शांत, ५.१ च्या वर तीव्र. सिस्टर कुठली पद्धत वापरतात ते विचारा आणि आकडा लिहून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी त्याच मापाने तुलना करता येईल.

या २८ सांध्यांची एक मेख आहे. दोन खांदे, दोन कोपर, दोन मनगटं, दोन गुडघे आणि बाकीचे वीस हातांच्या बोटांचे. बोटांच्या टोकाकडचे सांधे यात नाहीत. आणि घोटे, पावलं, पायाची बोटं तर अजिबातच नाहीत! आमवात पावलांत हमखास जातो. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवताना तळव्याखाली गोट्या ठेवल्यासारखं वाटतं ते त्यामुळेच. पण मोजणीत पाय येत नसल्यामुळे, हात सुधारलेले आणि पावलं पेटलेली असा रुग्ण कागदावर ‘शांत’ ठरू शकतो. तुमचे पाय दुखत असतील तर विचारण्याची वाट पाहू नका. ‘सिस्टर, पायही बघा’ असं म्हणा आणि चप्पल काढा.

मोजताना त्या अंगठ्याने सांधा दाबतात, त्यांच्या नखाचा रंग पांढुरका होईल इतपत. प्रत्येक वेळी ‘दुखलं का?’ याचं उत्तर हो किंवा नाही एवढंच द्या. ‘काल जास्त दुखत होतं’ हे नंतर सांगा. सूज त्या स्वतः बोटांनी चाचपतात, ती तुम्हाला विचारायची गोष्ट नाही. मनगटं आणि बोटं नीट हाताला लागायला हवीत, म्हणून त्या दिवशी काचेच्या बांगड्या, घड्याळ, अंगठ्या घरी ठेवा. अंगठी निघतच नसेल तर तीही नोंद करण्यासारखी गोष्ट आहे: कधीपासून निघत नाही? बाह्या कोपराच्या वर आणि सलवार गुडघ्याच्या वर सहज जाईल असे कपडे घाला. चुडीदार नको.

आता तीन आठवडे हातात आहेत, त्यातल्या शेवटच्या दोन आठवड्यांची नोंद ठेवा. वेगळी वही आणाल तर चार दिवसांत कपाटात जाईल. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर, जिथे दुधाचा हिशोब लिहिता, त्याच चौकोनात रोज चार आकडे लिहायचे. पहिला, सकाळी सांधे किती मिनिटं आखडलेले होते. दुसरा, दुखणं ० ते १०. तिसरा, थकवा ० ते १०. चौथा, वेदनाशामक गोळ्या किती घेतल्या. रविवारच्या चौकोनात गोळी घेतल्यावर ‘म’ लिहून गोल करा. निघताना फोनवर त्या पानाचा फोटो काढला की झालं.

आखडलेपण मोजताना जवळजवळ सगळे चुकतात. लोक दुखणं कधी थांबलं ते सांगतात. पण विचारलेलं असतं ते दुसरंच: जाग आल्यापासून सांधे जितके मोकळे व्हायचे तितके व्हायला किती वेळ लागला. त्यासाठी एक ठराविक खूण धरा, उदाहरणार्थ मूठ पूर्ण वळली की, किंवा ब्लाउजचे हुक पहिल्यासारखे लागले की. पावणेसहाला जाग आली आणि सात वाजता मूठ वळली, तर ७५ मिनिटं. अर्ध्या तासापेक्षा जास्त आखडलेपण बहुधा आतल्या सुजेचं लक्षण असतं. ते ७५ वरून २० वर आलं असेल तर औषध काम करतंय, दुखणं अजून थोडं असलं तरी. थकव्याचा रकाना मात्र गाळू नका. ‘घर, ऑफिस, लोकल म्हटल्यावर दमणारच’ असं आपण धरून चालतो, पण या आजाराचा थकवा झोप काढून जात नाही आणि रक्तक्षयाचाही त्यात वाटा असू शकतो.

सूज मोठी खोडकर असते. अपॉइंटमेंटच्या दिवशी नेमकी उतरलेली. म्हणून जास्त सुजलेल्या सकाळी फोटो काढा: दोन्ही हात वर्तमानपत्रावर पालथे, खिडकीच्या उजेडात, एक वरून आणि एक बाजूने. बाजूच्या फोटोत बोटांच्या मुळाशी असलेल्या गाठींमधल्या खळग्या भरलेल्या दिसतात, त्या वरून दिसत नाहीत. मूठ वळण्याचा प्रयत्न करतानाचा दहा सेकंदांचा व्हिडिओ तर फोटोहूनही उपयोगी.

कामं काय अडतात, हाही प्रश्न येईल. त्यासाठी एक प्रश्नावली असते, आणि तिची १२ प्रश्नांची भारतीय आवृत्ती आहे. त्यात नळ फिरवणं, भरलेला कप उचलणं, मांडी घालून किंवा उकिडवं बसणं, रिक्षात चढणं-उतरणं, बाजारातून भाजी आणणं असले आपले प्रश्न आहेत. उत्तर देताना एक भान ठेवा. कणीक तुम्ही अजून मळता का? ‘हो’ म्हणाल. पण आधी दहा मिनिटांत व्हायची तिला आता पंचवीस लागतात, की मुलीचे बाबा मळतात? कुकरचं झाकण, ओली चादर पिळणं, कुलपातली चावी फिरवणं, मुलीची वेणी, गर्दीच्या डब्यात वरची कडी धरून उभं राहणं, यातलं जे बंद झालंय किंवा दुसऱ्याकडे गेलंय तेवढंच लिहून न्या, पाच ओळींत. मनगटाचे पट्टे आणि काम करण्याच्या सोप्या रीती यासाठी ऑक्युपेशनल थेरपिस्टची चिठ्ठीही सिस्टरकडे मागा. परळचं केईएम, नायर आणि सायन या तिन्ही पालिका रुग्णालयांत ऑक्युपेशनल थेरपीचे विभाग आहेत. (ही विद्या भारतात आली तीच परळला. कमला निंबकर यांनी १९५० साली केईएममध्ये तिची पहिली शाळा काढली. तरीही मुंबईकर अजून फिजिओथेरपी आणि ही एकच समजतात.)

औषधांची यादी नको, औषधंच न्या. एका पिशवीत सगळ्या पट्ट्या, वापरलेल्या आणि अर्ध्यासुद्धा. कारण लिहून दिलेलं एक आणि दुकानातून आलेलं दुसरं, हे सर्रास होतं. मेथोट्रेक्सेट २.५, ५, ७.५, १०, १५ अशा वेगवेगळ्या ताकदीत मिळते. १५ ची पट्टी संपली म्हणून केमिस्ट ‘७.५ च्या दोन घ्या’ म्हणतो, पुढच्या महिन्यात परत १५ ची पट्टी मिळते आणि सवयीने दोन पोटात जातात. म्हणून डोस गोळ्यांत मोजू नका, मिलिग्रॅममध्ये मोजा. आणि या औषधाची सगळ्यात घातक चूक म्हणजे आठवड्याची गोळी रोज घेणं. त्याने तोंड सोलवटतं, रक्तातल्या पेशी कोसळतात, माणूस दगावूही शकतो. घरात दुसरं कुणी औषधं काढून देत असेल तर चिठ्ठीवर वाराचं नाव अक्षरांत लिहून घ्या: ‘फक्त रविवारी’.

चुकलेल्या दोन रविवारांबद्दल: सांगाच. ओरडा बसला तर बसला. न सांगितलं तर काय होईल? बारा आठवडे औषध घेऊनही सूज आहे असा अर्थ निघेल, मेथोट्रेक्सेट नापास ठरेल आणि तुम्ही त्यापुढच्या, जास्त खर्चिक आणि जास्त तपासण्यांच्या औषधाकडे ढकलल्या जाल. खरं तर तुम्ही दहाच डोस घेतलेले असतील. पुढच्यासाठी सर्वसाधारण नियम असा: रविवारची गोळी राहिली तर मंगळवारपर्यंत घेता येते. त्याहून उशीर झाला तर तो आठवडा सोडायचा, पुढच्या रविवारी नेहमीचाच डोस, दुप्पट कधीच नाही. चुकण्याचं कारण मळमळ असेल तर तेही नेमकं सांगा. किती वाजता सुरू होते, किती तास राहते, उलटी होते का? ‘पित्त होतं’ एवढ्यावरून काही ठरत नाही. ‘सोमवारी दुपारपर्यंत डबा खाता येत नाही’ यावरून ठरतं. यावर उपाय आहेत: फोलिक अ‍ॅसिड वाढवणं, डोस विभागणं, किंवा हीच मेथोट्रेक्सेट पोटाच्या त्वचेखाली टोचून घेणं. टोचून घेतल्यावर बऱ्याच जणांची मळमळ कमी होते, आणि मोठ्या डोसमध्ये औषध अंगी लागतंही जास्त. टोचायला शिकवणाऱ्याही या सिस्टरच असतात.

काढा आणि पुड्या त्याच पिशवीत टाका. गुळवेल नैसर्गिक आहे म्हणून निर्धोक असं समजू नका. कोविडच्या काळात, २०२० साली, गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईच्याच डॉक्टरांनी केली आणि ती २०२१ साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. तुम्ही आधीच यकृतावर भार टाकणारं औषध घेता आहात. एसजीपीटी, म्हणजे यकृताच्या चाचणीचा आकडा, वाढलं तर दोष मेथोट्रेक्सेटचा की काढ्याचा, हे कुणालाच सांगता येणार नाही. पुड्यांचं प्रकरण त्याहून वाईट असू शकतं. नाव नाही, घटक नाहीत, आणि दोन दिवसांत जादू झाल्यासारखा आराम पडतो, अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं आढळण्याचे प्रकार आपल्याकडे होतात. तुम्ही आधीच प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टिरॉइडच, घेता. वर न मोजलेलं आणखी पोटात गेलं तर चेहरा सुजतो, साखर चढते, हाडं ठिसूळ होतात. आणि पुड्या एकदम थांबवल्या की अंगातली ताकदच गेल्यासारखं होतं. म्हणून पुड्या स्वतःहून अचानक टाकून देऊ नका. तीन आठवडे थांबूही नका. उद्याच क्लिनिकला फोन करून विचारा. हीच गोष्ट प्रेडनिसोलोनची: ते सकाळी नाश्त्यानंतर घ्यायचं आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंद करायचं नाही. सासूबाईंना वाईट वाटेल ही तुमची अडचण कळते. ‘काढा बंद करा’ हे वाक्य सासूबाईंसमोर सिस्टरनाच म्हणू द्या.

रक्ताची तपासणी. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), एसजीपीटी-एसजीओटी (यकृत), क्रिएटिनिन (मूत्रपिंड), ईएसआर, सीआरपी, यांपैकी काय सांगितलंय ते आधी फोन करून विचारा. मेथोट्रेक्सेट घेतल्यावर एक-दोन दिवस यकृताचे आकडे तात्पुरते वर जाऊ शकतात. तुमची गोळी रविवारी रात्रीची, तेव्हा रक्त सोमवारी किंवा मंगळवारी देऊ नका. आधीच्या शुक्रवारी सकाळी द्या. रिपोर्ट शनिवारपर्यंत हातात येतो, आणि काही गडबड असेल तर रविवारच्या डोसआधी विचारायला वेळ उरतो. या तपासण्यांना उपाशीपोटी राहायची गरज नसते. स्टिरॉइडमुळे साखर बघायची असेल तर वेगळं. दर वेळी एकाच लॅबमध्ये जा. घरी येऊन रक्त नेणाऱ्या माणसाला विचारा, नमुना लॅबमध्ये किती वेळात पोचतो. तो तासन्‌तास पिशवीत फिरत राहिला तर ईएसआर खोटा कमी येऊ शकतो. हिमोग्लोबिन कमी असेल तर तोच ईएसआर उगाच जास्त दिसतो. जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या, पहिल्या दिवशीचा सगळ्यात वर. हातापायांचे एक्सरेही.

दुसऱ्या बाळाचा प्रश्न. तुमच्या पत्रात तो शेवटी आलाय. सिस्टरसमोर तो पहिला विचारा. मेथोट्रेक्सेट चालू असताना गर्भ राहिला तर गर्भपाताचा आणि बाळात व्यंग येण्याचा धोका असतो. म्हणून ही गोळी घेत असेपर्यंत खात्रीचं गर्भनिरोधक हवंच. सध्या तुम्ही काही वापरता का, हे तुमच्या पत्रात नाही. वापरत नसाल तर यासाठी तीन आठवडे थांबू नका. पाळी लांबली तर आधी घरी चाचणी करा, ‘हो’ आली तर पुढची गोळी घेऊ नका आणि त्याच दिवशी फोन करा. पण यात घाबरण्यासारखं काही नाही, नियोजन करण्यासारखं आहे. आमवात असलेल्या बायकांना मुलं होतात. प्रयत्न सुरू करण्याआधी एक ते तीन महिने मेथोट्रेक्सेट थांबवतात, आणि गरोदरपणात चालणारी औषधं, जसं तुमचं हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन किंवा सल्फासॅलाझिन, चालू ठेवतात. त्याआधी काही महिने आजार शांत असलेला बरा. म्हणजे ‘कधी हवंय’ हे आज सांगितलं तर औषधांचा क्रम आजच त्या हिशोबाने लागतो. नाहीतर मधेच लेफ्लुनोमाइडसारखं औषध सुरू होईल, जे बंद केल्यावरही अंगात बराच काळ रेंगाळतं आणि गर्भधारणेआधी वेगळं औषध देऊन धुऊन काढावं लागतं.

घरच्यांसमोर हे बोलता येत नसेल तर खोलीत शिरताना एवढंच म्हणा, ‘सिस्टर, मला आधी पाच मिनिटं एकटीला बोलायचंय.’ कारण विचारत नाहीत. शेवटच्या पाळीची तारीख लिहून न्या.

उरलेल्या गोष्टी झटपट. घरातून निघण्याआधी वजन करा. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनचा डोस दर किलोला रोज ५ मिलिग्रॅमच्या आत ठेवतात. वजन ५२ किलो असेल तर २६० ही वरची हद्द, म्हणजे तुमची २०० ची गोळी ठीक आहे. याच औषधासाठी डोळ्यांच्या पडद्याची तपासणी सुरुवातीला एकदा आणि साधारण पाच वर्षांनंतर दरवर्षी करतात. तुमची पहिली झाली का? लसींची नोंद न्या. फ्लूची लस दरवर्षी घ्यायची असते, मुंबईत फ्लूचा जोर पावसाळ्यात असल्यामुळे पुढच्या वर्षी जूनच्या आधी. न्यूमोनियाच्या लसीबद्दल विचारा. जिवंत जंतूंची कोणतीही लस मात्र त्यांना विचारल्याशिवाय नको. घरात किंवा ऑफिसात शेजारी बसणाऱ्या कुणाला टीबी झाला होता का, तेही सांगा. पुढे बायोलॉजिक, म्हणजे मेथोट्रेक्सेट पुरी पडली नाही तर देतात त्या औषधाची वेळ आली तर आधी छातीचा एक्सरे आणि टीबीची तपासणी करावी लागते, कारण ही औषधं झोपलेला टीबी जागा करू शकतात. मागच्या दोन-तीन महिन्यांत चिकनगुनिया किंवा कसलाही ताप येऊन गेला असेल तर सांधे मोजण्याआधी सांगा, नाहीतर तापाची सांधेदुखी आमवाताच्या खात्यावर मांडली जाईल.

फोन कधी करायचा, हे सिस्टरकडून तोंडी न ऐकता लिहून घ्या. ढोबळ यादी अशी: १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप, नवा कोरडा खोकला किंवा दम लागणं, तोंडात फोड, कारण नसताना काळे-निळे डाग, डोळे पिवळे, अंगावर नागीण, घरात कुणाला कांजिण्या, जुलाब-उलट्यांनी पाणी कमी होणं. यातलं काहीही असताना रविवार आला तर गोळी घेण्याआधी फोन. एकच सांधा अचानक लालभडक, गरम झाला आणि सोबत ताप असेल तर फोनही नको, थेट कॅज्युअल्टीत जा. सांध्यात जंतुसंसर्ग झालेला असू शकतो, आणि तिथे तासांचा हिशोब असतो. गल्लीतल्या डॉक्टरांकडे कशासाठीही गेलात तर ‘मी मेथोट्रेक्सेट घेते’ हे पहिलं वाक्य असू द्या. सेप्ट्रान नावाने ओळखली जाणारी सल्फाची अँटिबायोटिक गोळी याच्याबरोबर घेतली तर रक्तपेशी धोकादायक कमी होऊ शकतात.

सोबत कुणीतरी असावं, पण लिहायला, बोलायला नाही. नवरे मंडळींना बायकोच्या वतीने ‘आता खूप फरक आहे’ म्हणायची हौस असते. मिस्टरांच्या हातात आधीच पेन आणि कागद द्या. सकाळच्या गोळ्या नेहमीप्रमाणे घ्या, नाश्ता करून निघा. सांधे ‘खरे’ दिसावेत म्हणून वेदनाशामक टाळून लोकलचे हाल काढू नका. गोळी घेतली असेल तर किती वाजता, एवढं सांगितलं की पुरे. भांडुपहून त्या वेळेच्या गाडीत चढायचं म्हणजे हातांची परीक्षाच, तेव्हा शक्य असेल तर लवकरची धिमी गाडी पकडा किंवा एक दिवस टॅक्सीचा खर्च करा.

विचारायचे प्रश्न दहा असतील, पण कागदावर वर तीनच लिहा: बाळाचं नियोजन, मळमळ होत असेल तर गोळीऐवजी मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन, आणि तुमचा तिसरा. उठण्याआधी सिस्टरकडून आणखी तीन गोष्टी कागदावर घ्या: आजचा आकडा किती आला, तो डॉक्टरांपर्यंत कधी पोचेल आणि औषधाचा निर्णय कोण, कोणत्या दिवशी कळवेल, आणि त्या दिवशी फोन आला नाही तर कुठल्या नंबरवर करायचा. तो नंबर घरी आल्यावर कालनिर्णयाच्या त्याच पानावर लिहा, रविवारच्या ‘म’ शेजारी.